कुत्रा चावल्यावर: धुणं, सिरम आणि लस, तिन्ही का आणि कशी

बहुतेक लसी आजार गाठण्याच्या कितीतरी आधी घ्यायच्या असतात. रेबीजची लस मात्र विषाणू अंगात शिरल्यानंतर घेतली तरी जीव वाचवते. हे शक्य होतं ते विषाणूच्या संथ चालीमुळे. चाव्याबरोबर लाळेतून आलेला विषाणू रक्तातून पसरत नाही. तो आधी जखमेजवळच्या स्नायूत रेंगाळतो, मग तिथल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो. साधारणपणे या प्रवासाला एक ते तीन महिने लागतात. क्वचित आठवड्याभरातच लक्षणं दिसतात, क्वचित वर्ष उलटून जातं. चावा डोक्याच्या जितका जवळ आणि जितका खोल, तितका हा काळ कमी. पाण्याची भीती, वाऱ्याच्या झुळकेने घसा आवळणं ही लक्षणं एकदा सुरू झाली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि तेव्हा लसीचाही काही उपयोग नसतो.

म्हणजे जे करायचं ते या मधल्या काळातच. त्यासाठी हातात तीन गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची वेळ वेगळी आहे. साबण-पाण्याने धुणं जखमेतला विषाणू त्याच मिनिटाला कमी करतं. सिरम, म्हणजे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत उरलेल्या विषाणूला त्याच दिवशी निकामी करतं. लस मात्र शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करायला लावते, आणि ती पुरेशी व्हायला पहिल्या डोसपासून ७ ते १४ दिवस जातात. रक्त येईल असा चावा असेल आणि ‘इंजेक्शन घेतलं’ म्हणजे फक्त दंडात लस टोचली असेल, तर हे पहिले ७ ते १४ दिवस उघडे राहतात. लस घेऊनही माणूस दगावला अशा घटनांच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं: धुणं झालेलं नसतं, सिरम मिळालेलं नसतं, किंवा मिळालं तरी ते जखमेत गेलेलं नसतं.

आधी नळाखाली

दवाखाना शोधण्याआधी नळ शोधा. जखमेवर वाहतं पाणी सोडा, कोणताही अंगाचा किंवा कपड्याचा साबण लावा, आणि घड्याळ लावून १५ मिनिटं धुवा. रेबीजच्या विषाणूला बाहेरून स्निग्ध पदार्थांचं आवरण असतं. साबण ते विरघळवतो आणि विषाणू निकामी होतो. म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबण कितीतरी मोलाचा. साबण नसेलच तर नुसतं पाणी, पण वेळ तेवढाच.

सुळ्यांची जखम वरून बारीक भोकासारखी दिसते आणि आत खोल असते. वरून फेस चोळून भागत नाही. भोकाच्या तोंडावर पाण्याची धार धरा, कडा हलक्या हाताने फाकवा, पाणी आत जाऊन बाहेर येऊ द्या. ब्रशने घासू नका. त्याने पेशी फाटतात आणि विषाणूला मज्जातंतूंची नवी टोकं उघडी मिळतात. डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली असेल तर साबण न लावता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. एकाहून अधिक चावे असतील तर कपडे काढून अंगभर पाहा. मांडीवरचा मोठा चावा धुतला जातो आणि बोटावरचा लहानसा ओरखडा राहून जातो, हे फार वेळा घडतं.

धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. बस्स. हळद, चुना, तिखट, तेल, रॉकेल, शेण, कॉफीची पूड, झाडपाला यातलं काहीही लावू नका. यातल्या दाहक वस्तू जखम चिघळवतात, चिकट वस्तू विषाणूला आत झाकून ठेवतात, आणि दवाखान्यात ते सगळं खरवडून काढण्यात वेळ जातो. घट्ट पट्टी बांधू नका. टाके लगेच घालायचे नसतात, कारण सुई आत-बाहेर करताना विषाणू खोलवर ढकलला जातो. जखम इतकी फाटलेली असेल की टाके घालावेच लागतील, तर आधी सिरम भरायचं, काही तास थांबायचं आणि मग कमीत कमी, सैल टाके घालायचे.

चावून काही तास किंवा दिवस झाले असतील आणि जखम धुतलीच नसेल तर आत्ता धुवा. उशिराचं धुणं पहिल्या तासाच्या धुण्याइतकं कामाचं नसतं, पण करायचं असतंच.

जखम कोणत्या गटातली

पुढचा उपचार जखमेच्या गटावर ठरतो. गट जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत आणि आपल्याकडचे सरकारी दवाखानेही तेच वापरतात.

पहिला गट: जनावराला हात लावला, खाऊ घातलं, किंवा त्याने अखंड कातडीवर चाटलं. धुवा, बाकी काही नको.

दुसरा गट: उघड्या कातडीला दातांनी नुसतं कुरतडलं, किंवा रक्त न आलेला बारीक ओरखडा. धुवा आणि लस घ्या.

तिसरा गट: कातडीच्या आत गेलेला एक किंवा अनेक चावे, रक्त आलेला ओरखडा, आधीच्या जखमेवर चाटणं, डोळ्यात-तोंडात लाळ जाणं. धुवा, सिरम घ्या आणि लस घ्या. एखाद्या जंगली जनावराने, कोल्ह्याने किंवा मुंगसाने चावा घेतला तरीही हेच.

गट ठरवताना चूक होते ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या सीमेवर. ‘थोडंसंच रक्त आलं होतं’ हा तिसरा गट आहे. रक्ताचा एक थेंब दिसला तरी कातडी फाटली आहे आणि विषाणूला वाट मिळाली आहे. मुलांच्या बाबतीत ही विचारपूस फार काळजीने करावी लागते. जगभरात संशयित रेबीजच्या जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात, आणि ओरडा बसेल म्हणून ती चावा लपवतात. उंची कमी असल्याने त्यांना चावे बसतातही तोंडावर, मानेवर, हातावर, जिथून मेंदू जवळ आहे.

मांजर चावलं किंवा बोचकारलं तर तेच गट लागू. माकडालाही तेच. घरातला उंदीर, घूस, खार, ससा यांच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीची गरज सहसा पडत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र पाहावं लागतं.

गावाकडे वारंवार येणारा एक प्रश्न इथेच सांगून टाकतो. गाय किंवा म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध प्यायलेलं अख्खं गाव लसीच्या रांगेत उभं राहतं. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, आणि उकळलेल्या दुधात विषाणू टिकत नाही. नुसत्या दूध पिण्यासाठी लस लागत नाही. ज्याने त्या जनावराच्या तोंडात हात घालून औषध पाजलं आणि ज्याच्या हातावर चिरा होत्या, त्याला मात्र सिरमही लागतं आणि लसही. रांगेत नेमका तोच माणूस मागे राहतो, कारण तो जनावराची विल्हेवाट लावण्यात अडकलेला असतो. त्याला आधी पाठवा.

सिरम: तयार प्रतिपिंडं, थेट जखमेत

आजारातून उठलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या आजाराविरुद्धचा गुण असतो आणि तो दुसऱ्याला देता येतो, हे एमिल फॉन बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये दाखवलं. याच कामासाठी १९०१ साली बेरिंगला वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. रेबीजचं सिरम त्याच तत्त्वावर चालतं. घोड्याला किंवा मानवी दात्याला लस देऊन त्याच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं वेगळी काढतात. ही प्रतिपिंडं विषाणूच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनाच्या आधाराने तो मज्जातंतूला चिकटतो, त्यालाच जाऊन बसतात. चिकटायची जागाच झाकली गेल्यावर विषाणू तंतूत शिरू शकत नाही.

सिरम म्हणजे उसनं आणलेलं धान्य: आज चूल पेटते, पण पुढच्या हंगामाचं बियाणं त्यातून होत नाही. काही आठवड्यांत ही प्रतिपिंडं शरीरातून निघून जातात आणि मागे कोणतीही स्मृती ठेवत नाहीत. म्हणून सिरम एकटं कधीच पुरत नाही, लस सोबत लागतेच.

सिरमने किती फरक पडतो ते १९५४ मध्ये इराणमध्ये स्पष्ट झालं. एका पिसाळलेल्या लांडग्याने एकाच गावात २९ जणांना चावे घेतले. डोक्यावर चावे बसलेल्यांपैकी पाच जणांना नुसती लस मिळाली, त्यातले तीन दगावले. तेरा जणांना लसीबरोबर सिरम मिळालं, त्यातला एक दगावला. तेव्हापासून गंभीर चाव्याला दोन्ही एकत्र देतात.

आपल्याकडे तीन प्रकार मिळतात. घोड्याचं सिरम दर किलो वजनाला ४० युनिट, मानवी सिरम दर किलोला २० युनिट. तिसरा प्रकार प्रयोगशाळेत पेशींपासून बनवलेल्या मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्याच्या, प्रतिपिंडांचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर विकसित केलेलं रॅबिशील्ड यातलं, त्याची मात्रा दर किलोला ३.३३ युनिट. झायडसच्या ट्विनरॅबमध्ये दोन प्रतिपिंडांचं मिश्रण आहे आणि त्याची मात्रा दर किलोला ४० युनिट. हे आकडे एकमेकांच्या जागी वापरले की घोटाळा होतो. म्हणून कुपीवरचं नाव आणि एका मिलीत किती युनिट हे वाचल्याशिवाय हिशोब करू नये.

हिशोब असा. ६० किलोच्या माणसाला घोड्याचं सिरम ६० गुणिले ४०, म्हणजे २४०० युनिट. कुपीत दर मिलीला ३०० युनिट असतील तर ८ मिली. मानवी सिरम १२०० युनिट, दर मिलीला १५० युनिटची कुपी असेल तर तेही ८ मिली. १२ किलोच्या मुलाला घोड्याचं सिरम ४८० युनिट, म्हणजे १.६ मिली. त्या मुलाला पाच-सहा जखमा असतील तर १.६ मिली सगळीकडे पोहोचत नाही. अशा वेळी सिरम वाढवायचं नाही, ते सलाइनच्या पाण्यात दोन-तीन पट करायचं आणि प्रत्येक जखमेपर्यंत न्यायचं. ठरल्यापेक्षा जास्त सिरम दिलं तर तीच उसनी प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही झाकून टाकतात आणि शरीराची स्वतःची प्रतिक्रिया दबते. म्हणून वजन अंदाजाने नव्हे, काट्यावर.

सिरम द्यायची जागा म्हणजे जखम. सुई जखमेच्या कडेतून आत, खोलवर आणि भोवताली फिरवत, शक्य तेवढं सगळं सिरम तिथेच मुरवायचं. हे दुखतं, विशेषतः बोटांवर, ओठांवर, कानाच्या पाळीवर. बोटाच्या टोकाला जागा कमी असते. जबरदस्तीने भरलं तर आत दाब वाढून रक्तपुरवठा अडकू शकतो, म्हणून तिथे मावेल तेवढंच हळूहळू द्यायचं. विषाणू जखमेत असताना सगळं सिरम कुल्ल्यात टोचून देणं म्हणजे औषध देऊन न दिल्यासारखं आहे. तसं होत असेल तर शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, सिरम जखमेत देणार ना?’ हा प्रश्न विचारायचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

घोड्याच्या सिरमची अनेकांना धास्ती वाटते. हल्लीचं शुद्ध केलेलं सिरम पूर्वीच्या मानाने खूप सुरक्षित आहे. तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण होऊ शकते. म्हणून ते ॲड्रिनलिन, म्हणजे अशा ॲलर्जीवरचं इंजेक्शन, हाताशी असलेल्या ठिकाणीच घ्यायचं आणि घेतल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तिथेच बसायचं. उपाशीपोटी जाऊ नका. कातडीवर आधी चाचणी घेऊन कोणाला ॲलर्जी होईल हे खात्रीने कळत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती चाचणी आवश्यक मानत नाही. चाचणीच्या नावाखाली सिरम टाळलं जाऊ नये. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना दाखवा. ती सिरमची उशिरा येणारी प्रतिक्रिया असते, औषधाने बरी होते, आणि तिच्यासाठी लसीचे पुढचे डोस थांबवायचे नसतात.

पहिल्या दिवशी सिरम मिळालं नाही तर? लस सुरू करा आणि सिरम शोधा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते पण सिरम नसतं असं घडतं. मग ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं, आणि निघण्यापूर्वी तिथे फोन करून साठा आहे का ते विचारलेलं बरं. लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं. त्यानंतर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात, तेव्हा सिरम देत नाहीत.

लस आणि तयार प्रतिपिंडं जोडीने देण्याची ही पद्धत रेबीजपुरती नाही. आईला हिपॅटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून १२ तासांत एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत त्या आजाराचं इम्युनोग्लोब्युलिन देतात. घाणेरड्या जखमेत, पूर्वीच्या लसीचा भरवसा नसेल तर धनुर्वाताच्या लसीबरोबर २५० युनिट धनुर्वात इम्युनोग्लोब्युलिन देतात. दोन्हीकडे कारण तेच: लसीला वेळ लागतो आणि आजार तितका थांबत नाही.

लस: तारखा आणि टोचण्याची पद्धत

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पास्तरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस द्यायला सुरुवात केली ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. पुढे डेव्हिड सेम्पल या ब्रिटिश डॉक्टरने १९११ मध्ये कसौलीत मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली आणि भारतात ती कितीतरी दशकं चालली. पोटात चौदा इंजेक्शनं ही जी दहशत अजून घराघरांत आहे, ती त्या लसीची. २००५ च्या सुमारास ती देशात पूर्ण बंद झाली. आजच्या लसी पेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूच्या आहेत. त्यात मेंदूचा अंश नसतो, त्यांनी रेबीज होत नाही आणि पोटात काही टोचत नाहीत. ‘चौदा घ्यायला लागतील’ म्हणून घरी थांबलेल्या माणसाला हे आवर्जून सांगा.

लसीतला मेलेला विषाणू कातडीतल्या आणि स्नायूतल्या पहारेकरी पेशी उचलतात, जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. त्यातल्या विषाणूशी जुळणाऱ्या पेशी वाढतात, प्रतिपिंडं सोडू लागतात, आणि काही पेशी स्मृती म्हणून मागे राहतात. रक्तात दर मिलीलीटरला ०.५ युनिट प्रतिपिंडं झाली की पुरेसं संरक्षण आलं असं मानतात. एका डोसने ही पातळी येते आणि ओसरते. तोच धडा पुन्हा दिल्यावर ती टिकते, म्हणून अंतराअंतराने डोस.

टोचण्याच्या दोन पद्धती आहेत.

स्नायूत: दर वेळी पूर्ण कुपी, ब्रँडप्रमाणे ०.५ किंवा १ मिली. दिवस ०, ३, ७, १४ आणि २८, असे पाच डोस.

कातडीत: दर वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिली, म्हणजे एका भेटीत दोन टोचे. दिवस ०, ३, ७ आणि २८, चार भेटी. चौदाव्या दिवशी काही नसतं.

दिवस ० म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, चावलेला दिवस नव्हे. पहिला डोस १ तारखेला घेतला तर पुढचे ४, ८ आणि २९ तारखेला. स्नायूतल्या पद्धतीत मध्ये १५ तारीखही. केसपेपरवर ‘तिसरा दिवस’ वाचून ३ तारखेला जाणारे लोक खूप असतात. पहिल्याच दिवशी कार्डावर तारखा लिहून घ्या.

सरकारी दवाखान्यात कातडीतली पद्धत वापरतात आणि लोकांना वाटतं की औषध कमी दिलं. चार भेटींत मिळून फक्त ०.८ मिली लस लागते हे खरं. पण कातडीत पहारेकरी पेशी स्नायूपेक्षा खूप दाट असतात, त्यामुळे तेवढ्याशा लसीनेही पूर्ण प्रतिपिंडं तयार होतात. भारतात या पद्धतीला २००६ मध्ये मान्यता मिळाली. १ मिलीच्या एका कुपीत पाच जणांची एक भेट होते, म्हणून गरिबाच्या दवाखान्यात लस संपत नाही. ही काटकसर रुग्णाच्या जिवावर केलेली नाही.

मात्र ही पद्धत हाताच्या कौशल्यावर उभी आहे. सुई जवळजवळ आडवी, कातडीच्या वरच्या थरात. बरोबर गेलं तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खड्ड्यांचा पांढरट फुगवटा लगेच दिसतो. फुगवटा आलाच नाही तर लस कातडीखाली निसटली. मग तो टोचा धरायचा नाही, शेजारी पुन्हा द्यायचा. ०.१ मिली मोजताना सिरिंज पाहावी लागते: ४० युनिटच्या इन्शुलिन सिरिंजवर ०.१ मिली म्हणजे ४ खुणा, १०० युनिटच्या सिरिंजवर १० खुणा. या दोन सिरिंजांची अदलाबदल झाली की डोस अडीच पट चुकतो. टोचल्यावर जागा चोळायची नाही. विरघळवलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवून ६ ते ८ तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची.

स्नायूतली लस मोठ्यांना दंडात, लहान बाळांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस अडकून पडते आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. सिरम आणि लस एका सिरिंजमध्ये किंवा एकाच जागी देऊ नयेत. हातावर चावलं असेल आणि सिरम तिथे दिलं असेल तर लस शक्यतो दुसऱ्या दंडात.

लस विकत घेऊन घरी ठेवायची असेल तर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नको, दारातही नको. मेडिकलमधून दवाखान्यापर्यंत नेताना बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवा, पण कुपी बर्फाला टेकू देऊ नका.

एखादी तारीख चुकली तर पुढचा डोस लगेच घ्या आणि उरलेले त्याच अंतराने पूर्ण करा. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. ब्रँड बदलला तरी चालतो. पथ्य काही नाही. अंडी, मटण, वांगं, आंघोळ, सगळं चालतं. टोचलेल्या जागी दुखणं, लाली, खाज, थोडा ताप यांना पॅरासिटामॉल पुरतं.

कुत्र्यावर नजर

कुत्रा किंवा मांजर पाळलेलं असेल, डोळ्यांसमोर असेल, तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. लाळेत विषाणू येऊ लागल्यावर ते जनावर सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. पण हे लक्ष ठेवणं लसीच्या जोडीने करायचं, लसीच्या ऐवजी नाही. दहा दिवस वाट पाहून मग लस, हा हिशोब जिवावर बेततो. कुत्रा मेला, पळाला किंवा मारला गेला तर सगळे डोस पूर्ण करा. दहा दिवसांचा हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा आहे, इतर जनावरांना तो लावू नये.

‘आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे’ हे ऐकूनही उपचार सुरू करा. एका लसीने प्रत्येक कुत्र्याला संरक्षण मिळतंच असं नाही, आणि पुष्कळदा दरवर्षीचा डोस राहून गेलेला असतो.

डॉक्टरांना न विसरता सांगायचं

गरोदर आहात किंवा बाळाला पाजता आहात तरी सिरम आणि लस दोन्ही घ्यायची. या आजारात त्याला अपवाद नाही. बाळाची लसीची मात्रा मोठ्यांइतकीच असते, फक्त सिरम वजनावर ठरतं. स्टेरॉइड, कॅन्सरची औषधं, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण असं काही असेल तर आधी सांगा: अशा रुग्णाला दुसऱ्या गटातल्या जखमेलाही सिरम देतात, आणि कोर्स संपल्यावर रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेतात. मलेरियासाठी किंवा संधिवातासाठी क्लोरोक्विन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर कातडीतल्या लसीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून स्नायूत लस मागा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा.

चावून महिना-दोन महिने झाले आणि काहीच घेतलं नाही, आता काय, असं विचारणारे येतात. आजच चावलं असं समजून सगळं सुरू करायचं, तिसऱ्या गटात सिरमसकट. विषाणू अजून वाटेत असू शकतो.

पुन्हा चावलं तर

पूर्ण कोर्स झालेल्या माणसाच्या शरीरात स्मृतिपेशी असतात आणि एका डोसने त्या काही दिवसांतच भरपूर प्रतिपिंडं सोडतात. म्हणून अशा माणसाला पुन्हा कुत्रा चावला तर जखम कितीही मोठी असो, सिरम लागत नाही. धुवायचं मात्र तसंच, १५ मिनिटं. मग दिवस ० आणि ३ ला लसीचे दोनच डोस: स्नायूत एकेक कुपी किंवा कातडीत एका जागी ०.१ मिली. आधीचा कोर्स पूर्ण होऊन तीन महिने झाले नसतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नुसती जखम धुणं पुरतं.

ही सवलत कोर्सचा पुरावा असेल तरच मिळते. ‘पाच-सहा वर्षांपूर्वी दोन-तीन घेतली होती’ एवढ्यावर डॉक्टर भरवसा ठेवू शकत नाहीत, आणि मग सगळं पहिल्यापासून करावं लागतं. लसीचं कार्ड आधार आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ज्यांचं काम रोज जनावरांशी आहे, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, कुत्री पकडणारे, वनरक्षक, प्राणीमित्र, त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८ असे तीन डोस घ्यावेत. त्यानंतर कधी चावा बसला तर त्यांनाही हेच दोन डोस पुरतात आणि आडगावात सिरम शोधत फिरायची वेळ येत नाही.